वर्गणीच्या पत्रातला नाताळ

नाताळाचा अर्थ बायबलमध्ये कुठे शोधायचा असे विचारले, तर बहुतेक जण लूकचे शुभवर्तमान उघडतील. गोठा, गव्हाण, मेंढपाळ, आकाशातले दूत, सगळे तिथे आहे. या पुस्तकाची सुरुवात मात्र संत पौलाच्या एका पत्रापासून होते, आणि ते पत्र वर्गणीचे आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेले हे दुसरे पत्र इसवी सन ५५-५६च्या सुमाराचे. चारही शुभवर्तमाने तेव्हा लिहिली जायची होती. बेथलेहेम, गव्हाण, तारा यांचा पौलाच्या एकाही पत्रात उल्लेख नाही. पण देव माणूस झाला म्हणजे नेमके काय झाले, हे त्याने या पत्रात जितक्या थोडक्यात सांगितले आहे तितके क्वचितच कुठे सापडेल. आणि ते सांगताना तो पैसे मागत होता.

प्रसंग असा. यरुशलेमची मंडळी हलाखीत होती. पौलाने ग्रीस आणि आशिया मायनरमधल्या मंडळ्यांकडून तिच्यासाठी निधी गोळा करायला घेतला. करिंथ हे दोन बंदरांमधले व्यापारी शहर, पैसा तिथे खेळता. तिथल्या लोकांनी वर्षभरापूर्वी मोठ्या उत्साहाने होकार दिला होता आणि मग काम थंडावले. सार्वजनिक मंडळाची पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरलेल्या कुणालाही हे नवे वाटणार नाही. पौल पुन्हा लिहितो. आधी जरा टोचतो : उत्तरेकडच्या मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः दारिद्र्यात आहेत, तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिले, आम्हाला देऊ द्या म्हणून गळ घातली. मग मूळ कारणावर येतो. ख्रिस्त संपन्न होता, तो तुमच्यापायी दरिद्री झाला, आणि त्याच्या त्या दारिद्र्याने तुम्ही संपन्न झालात, अशा आशयाचे एकच वाक्य. त्यावर तो भाष्य करत नाही. लगेच पुढच्या व्यवहाराकडे वळतो.

देहधारणेच्या सिद्धांतावर पुढे शतकानुशतके वाद झाले, धर्मपरिषदा भरल्या, ग्रंथ लिहिले गेले. पण पौलाच्या या पत्रात तो सिद्धांत आपल्यासमोर येतो तो असा, दुसऱ्या गावच्या गरिबांसाठी खिशात हात घाला म्हणून सांगताना. मला हा योगायोग वाटत नाही. नाताळ आणि देणे यांचे नाते नंतर कुणी जोडलेले नाही, ते मुळातच आहे, हे या पुस्तकाचे म्हणणे. आणि दुसरे म्हणणे असे, की या नात्यात माणूस आधी घेणारा असतो. तो देतो ते त्यानंतर.

त्या पत्रातल्या आणखी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या प्रकरणांतून त्या पुन्हा पुन्हा डोकावतील. पौल करिंथकरांना सांगतो, की दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढाताण असा माझा हेतू नाही. आज तुमच्याकडचे अधिक त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांचे तुमची. त्याला बरोबरी साधायची आहे, आणि त्यासाठी तो रानातल्या मान्नाची आठवण देतो : ज्याने पुष्कळ गोळा केला त्याला जास्त झाला नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडला नाही. उपकाराची भाषा पत्रातल्या निधीवरच्या दोन अध्यायांत शोधूनही सापडत नाही. दुसरी गोष्ट हिशेबाची. रक्कम न्यायला तो आपला सहकारी तीत याला एकट्याला पाठवत नाही. मंडळ्यांनी नेमलेली, नाव असलेली माणसे बरोबर देतो, आणि कारण स्पष्ट लिहितो, की एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी बोट दाखवू नये. देवासमोर स्वच्छ असणे पुरत नाही, माणसांसमोरही स्वच्छ दिसले पाहिजे, हे त्याला कळत होते. धर्मादाय संस्थांच्या आजच्या विश्वस्तांनी हा उतारा कार्यालयात लावून ठेवायला हरकत नाही.

पण मला सर्वांत हलवून जाते ती याच निधीविषयी त्याने रोमकरांना लिहिलेली एक ओळ. पैसे घेऊन यरुशलेमला निघताना तो रोमच्या मंडळीला विनंती करतो, की माझ्यासाठी प्रार्थना करा, ही मदत तिथल्या लोकांना पसंत पडावी. म्हणजे ती नाकारली जाईल ही त्याला धास्ती होती. देणारे बहुतेक गैरयहूदी, घेणारे यहूदी. ज्यांच्या पंगतीला बसावे की नाही याचाच निवाडा अजून पुरता झालेला नव्हता, त्यांचा पैसा घ्यायचा होता. देण्यापेक्षा घेणे कधीकधी अवघड असते आणि घेणाऱ्याचाही मान असतो, हे वर्गणी गोळा करणाऱ्याला उमगले होते.

आता गोठ्याकडे.

लूकच्या कथेत भेटवस्तू नाहीत. मेंढपाळ हात हलवत येतात. आपल्या चित्रांतून त्यांच्या खांद्यावर कोकरू दिसते ते चित्रकारांचे औदार्य. लूक सांगतो ते एवढेच, की ते धावत आले, त्यांनी पाहिले आणि ऐकलेले सांगितले. घेऊन गेले ते तेच. मात्र देणगीचा एक उल्लेख लूक करतो आणि तो नाताळच्या प्रवचनांत क्वचित येतो. मूल चाळीस दिवसांचे झाल्यावर मरिया आणि योसेफ मंदिरात जातात आणि पक्ष्यांची जोडी अर्पण करतात. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीच्या शुद्धीकरणाचा विधी आहे. नियमाप्रमाणे कोकरू द्यायचे असते. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी होले किंवा पारव्याची पिले, ही सवलत. लूक दारिद्र्याचे वर्णन करत बसत नाही, फक्त कोणत्या दराची पावती फाडली ते सांगतो. ज्याच्याकडून सगळे मिळाले असे ख्रिस्ती माणूस मानतो, त्याच्या आईबापांनी मंदिरात सवलतीचे अर्पण दिले.

भेटवस्तू येतात त्या मत्तयच्या कथेत. पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष सोने, ऊद आणि गंधरस वाहतात. ते तिघे होते असे मत्तय म्हणत नाही. वस्तू तीन, म्हणून माणसे तीन, आणि पुढे परंपरेने त्यांना राजे केले. सोने राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मर्त्य माणसाला, हा अर्थ प्राचीन धर्मपित्यांपासून चालत आला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम येशूच्या दफनासाठी गंधरस आणतो, त्यामुळे पाळण्यातच मरणाची सावली पडली असे सांगितले जाते. अर्थ सुंदर आहे. पण हा गंधरस म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा हिराबोळ, आणि बाळंतिणीच्या औषधांत त्याला जागा आहे. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या आजीने ही कथा ऐकली तर ती दफनाकडे जाणार नाही. कुणीतरी आईचीही आठवण ठेवली, असेच ती म्हणेल. धर्मपंडितांनी या वाचनावर नाक मुरडले तरी मला ते सोडवत नाही.

या भेटींनंतर मत्तयमध्ये लगेच काय येते ते पाहा. हेरोदाचे शिपाई, बेथलेहेममधल्या बाळांची कत्तल आणि रात्रीतून इजिप्तकडे पळ. जगातल्या पहिल्या नाताळभेटी स्वीकारणारे कुटुंब थोड्याच दिवसांत परदेशात आश्रय शोधत होते. ते सोने वाटखर्चाला कामी आले असेल असे प्रवचनकार म्हणतात. शुभवर्तमान तसे सांगत नाही.

इथे नाताळाच्या देण्याची ख्रिस्ती समज बाकीच्या चांगुलपणापासून वेगळी होते. देव देणारा म्हणून आला, पण आला तो सगळ्याच गोष्टींसाठी दुसऱ्यावर विसंबलेल्या तान्ह्या मुलाच्या रूपात. त्याला दूध हवे होते, धुडकी हवी होती, डोक्यावर छप्पर हवे होते. पुढे मोठेपणीही तो विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो, जकातदाराच्या घरी स्वतःहून जेवायला जातो. आणि मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात तर तो सरळ सांगतो, की भुकेला, परका, उघडा, आजारी, कैदी यांपैकी ज्याला तुम्ही काही दिले ते मलाच दिले. देणाऱ्याने घेणाऱ्याची जागा घेतली. त्यामुळे ख्रिस्ती माणूस वरून खाली देऊच शकत नाही. दिले तर ते खालून वर जाते, असे हे उलटे गणित. ते कायम पाळले गेले असे मी म्हणणार नाही. पुस्तकाचा बराच भाग ते कसे मोडले गेले याचाच आहे.

सणाचा इतिहास थोडक्यात. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा रोमचा आहे. इसवी सन ३५४च्या एका पंचांगवजा संग्रहातली ती नोंद ३३६च्या सुमाराची मानतात. म्हणजे पहिली तीन शतके हा दिवस ठरलेला नव्हता. पूर्वेकडे तो आणखी उशिरा पोचला. अंत्युखियात ३८६ साली योहान ख्रिसोस्तम या सणावर प्रवचन देत होता, तेव्हा आपल्याकडे हा दिवस माहीत होऊन दहा वर्षेही झाली नाहीत, असे तो श्रोत्यांना सांगतो. याच ख्रिसोस्तमने मत्तयवरच्या प्रवचनमालेत वेदीवर सोन्याचे पेले वाहणाऱ्यांना खडसावले आहे : ख्रिस्त दाराशी थंडीने गारठला आहे, त्याला कापड द्या, मग वेदी सजवा. सण नवा असतानाच वेदीच्या थाटावर कोरडे ओढणारी जीभही तिथे होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नाताळ बाजारू झाला ही तक्रार आपण विसाव्या शतकाची समजतो.

त्याच्या थोडे आधी, ३६८-६९च्या दुष्काळात, कप्पदुकियाच्या कैसरियात बासिल नावाचा धर्मगुरू धान्याची कोठारे बंद करून बसलेल्या धनिकांशी झगडत होता. लूकमधल्या मूर्ख श्रीमंताच्या दाखल्यावरचे त्याचे प्रवचन आजही अंगावर येते. तुझ्या कोठीतली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतला झगा उघड्याचा आहे, असा त्याचा रोख. देणे म्हणजे औदार्य नाही, दुसऱ्याचे होते ते परत करणे. पुढे बिशप झाल्यावर त्याने शहराबाहेर आजारी, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी वसाहतच उभी केली. त्याचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, तिला नवे शहर म्हणतो. ग्रीक मुलांना भेटवस्तू आणतो तो आपल्या ओळखीचा सांता नव्हे. तो हा बासिल, आणि येतो १ जानेवारीला. कोठारे फोडायला निघालेला माणूस पोरांच्या खाऊचा म्हातारा झाला. इतिहासाला अशा थट्टा आवडतात.

सांताचे मूळ निकोलसमध्ये. हा चौथ्या शतकातला, मायराचा बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले देमरे. त्याच्याविषयी खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे. जी गोष्ट टिकली ती नवव्या शतकातल्या त्याच्या चरित्रात येते, आणि मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही, कारण गोष्ट हुंड्याची आहे. एका माणसाची वाताहत झाली. घरात तीन उपवर मुली, हुंड्याला पैसा नाही. बापाच्या मनात मुलींना देहविक्रयाला लावण्याचे येऊ लागले. निकोलसने रात्री त्या घराच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. थोरलीचे लग्न झाले. पुन्हा एका रात्री दुसरी थैली. तिसऱ्या वेळी बाप जागत बसला, धावत जाऊन त्याने निकोलसला गाठले आणि पाय धरले. निकोलसने त्याच्याकडून वचन घेतले, की मी जिवंत आहे तोवर हे कुणाला सांगायचे नाही.

या गोष्टीवर मी पुस्तकात एक अख्खे प्रकरण खर्च केले आहे आणि ते जास्त झाले असे वाटणाऱ्यांशी माझे भांडण आहे. पाहा, निकोलस रात्रीच का गेला? या हाताचे त्या हाताला कळू नये हे प्रभूचे वचन पाळायला, हे एक उत्तर. पण दुसरेही आहे. दिवसाढवळ्या दिले असते तर गावात त्या मुली कायमच्या धर्मादाय लग्नाच्या मुली ठरल्या असत्या. गुप्तपणाने देणाऱ्याचे पुण्य राखले असेल, पण त्याहून जास्त राखली ती घेणाऱ्यांची अब्रू. मदतीच्या कार्यक्रमात शिलाई यंत्र घेतानाचा फोटो वर्तमानपत्रात छापून आलेल्या बाईला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. आता निकोलसने हुंड्याच्या चालीविरुद्ध ब्रही काढला नाही, ती भागवली, हा आक्षेप कुणी आधुनिक वाचक घेईल. तो रास्त आहे. एका घरातली आग विझवणे आणि आग लावणारी रीत मोडणे ही दोन कामे आहेत, आणि ख्रिस्ती दानधर्माने पहिल्याच्या नावाखाली दुसरे पुष्कळदा टाळले. बासिल आणि निकोलस शेजारी ठेवून वाचावे ते यासाठीच.

पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. निकोलसचा सण ६ डिसेंबर, युरोपात मुलांना भेटी त्या दिवशी मिळत. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या धर्मसुधारकांना संतांची भक्ती नको होती, म्हणून देण्याचे काम बाळयेशूकडे आले आणि दिवस २५ डिसेंबरकडे सरकला. डचांचा सिंटरक्लास अमेरिकेत सांताक्लॉज झाला. १८२३ सालच्या एका कवितेने त्याची घसरगाडी आणि रेनडिअर लोकप्रिय केले. १८६३पासून थॉमस नास्टच्या व्यंगचित्रांनी रूप दिले, आणि १९३१पासूनच्या कोकाकोलाच्या जाहिरातींनी ते रूप जगभर पक्के केले. तांबडा झगा त्या कंपनीनेच शोधला ही समजूत चुकीची आहे, तो आधीपासून होता. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत डिसेंबरात चिठ्ठ्या टाकून 'सिक्रेट सांता' खेळतात. खेळ मजेचा आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. निदान देणाऱ्याने नाव लपवायचे असते एवढी निकोलसची आठवण त्यात शिल्लक आहे.

फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेच्चो गावात जिवंत बैल-गाढव आणून गव्हाण उभी केली, आणि आज वसईपासून सावंतवाडीपर्यंत घरोघरी गोठे मांडले जातात त्यामागे ती रात्र आहे. पण त्यांच्याविषयीची दुसरी हकीकत कमी सांगितली जाते. त्यांचा चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो लिहितो, की फ्रान्सिस म्हणत, सम्राट भेटला तर मी त्याच्याकडे एक कायदा मागेन : नाताळच्या दिवशी ज्यांना शक्य आहे त्यांनी रस्त्यांवर धान्य टाकावे, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, पोटभर मिळेल. त्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना जेवू घालावे आणि बैल-गाढवांना रोजच्यापेक्षा जास्त चारा मिळावा असेही त्यांना वाटे. चंडोलांसाठी कायदा मागणारा हा माणूस खुळा वाटेल. मला तो नाताळाचा सर्वांत कडक वाचक वाटतो. देवाने सृष्टीत पाऊल टाकले असेल, तर त्या दिवशी सृष्टीत कुणी उपाशी का राहावे, एवढाच त्यांचा सवाल आहे.

मराठीत ही कथा १६१६ साली आली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला, तिथली भाषा शिकला आणि ओव्यांमध्ये क्रिस्तपुराण रचून गेला. ते राचोलला रोमन लिपीत छापले गेले. त्यावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून इथे थांबत नाही. मला थांबायचे आहे ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाशी, कारण महाराष्ट्रात ख्रिस्ती देण्याची खरी परीक्षा तिथे झाली.

दुष्काळात मिशनच्या दारी गेलेल्यांना 'पोटासाठी बाटले' हा शेरा ऐकावा लागला. तो शेरा अजून पुसलेला नाही, आणि नाताळच्या दानावर लिहिताना त्याला वळसा घालून जाणे अप्रामाणिक होईल. त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक, नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांमधून ज्यांनी हा मार्ग धरला त्यांची अक्कल आणि इच्छा तो शेरा शून्य धरतो, जणू माणसाला भाकरीपलीकडे, मानाने बसण्याची भूक नसतेच. ते म्हणणे मी साफ नाकारतो. पण दुसरी गोष्ट नाकारता येत नाही. जिथे देणे हे गळ झाले, जिथे धान्याबरोबर अट आली, तिथे ते ख्रिस्ती धर्माच्याच मापाने खोटे ठरते. गव्हाणीतल्या बाळाने मेंढपाळांना अट घातली नाही. टीकाकारांच्या आधी हा न्याय शुभवर्तमानच करते.

पंडिता रमाबाईंना या प्रश्नाचा चटका दोन्ही बाजूंनी बसला. १८९३ साली त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेत धर्मांतर होते या आरोपावरून पुण्यात वादळ उठले, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तीन-चार वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्याच रमाबाई तिथे गेल्या आणि मुलींना घेऊन केडगावला आल्या. मुक्ती मिशन त्यातून वाढले. त्यांच्या हेतूंवर तेव्हाही वाद झाले, आजही होतात. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे : रमाबाई स्वतः दुष्काळातून आल्या होत्या. वडील अनंतशास्त्री, आई आणि बहीण त्यांनी तरुणपणी दक्षिणेतल्या उपासमारीत गमावली होती. केडगावच्या त्या मुलींच्या भुकेत त्या स्वतःचीच भूक पाहत असणार. आणि त्या मुलींना नुसते जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. माग, शेती, गोठा, छापखाना, सगळे मुलींच्या हाती दिले. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. पौलाला हवी होती ती बरोबरी ही असावी.

दुसऱ्या एका घरात देण्याचा हिशेब वेगळा लागला. रेव्हरंड ना. वा. टिळक हाती येईल ते दुसऱ्याला देऊन मोकळे होत आणि संसाराची तोंडमिळवणी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना करावी लागे. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, कारण लक्ष्मीबाई हसत सांगतात. पण उदार पुरुषाच्या औदार्याची किंमत घरातल्या स्त्रीने मोजायची, ही गोष्ट दानधर्माच्या इतिहासात किती वेळा घडली असेल? कॅथलिक संतांच्या चरित्रांत हा प्रश्न फारसा येत नाही, कारण त्यातले बहुतेक ब्रह्मचारी. मराठी ख्रिस्ती साहित्याने तो विचारला, तोही एका बाईने. लक्ष्मीबाईंनी पुढे अनाथ मुलांना आपल्या घरात घेतले आणि टिळकांच्या पश्चात त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन'ही पुरे केले, तेव्हा देण्याविषयी त्यांचे हात आखडते होते असे कुणी म्हणू नये.

राहता राहिला फराळ. वसईत, गोव्यात नाताळचे ताट शेजारी जाते. नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, कुलकुल असे जिन्नस त्यात असतात. गोव्यात या ताटाला कोन्सोआदा हे पोर्तुगीज नाव चिकटले आहे. हिंदू शेजाऱ्याकडून दिवाळीत करंज्या-चकल्या आलेल्या असतात, आणि आलेले ताट रिकामे परत करायचे नाही ही रीत दोन्ही घरांत आहे. मला ही देवघेव प्रिय आहे. तरीही लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू यजमानाला जे सांगतो ते आठवून जरा अडखळायला होते : मेजवानी घालशील तेव्हा मित्रांना, नातलगांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांना परत करता येणार नाही त्यांना बोलाव. या कसोटीवर आपला बराचसा नाताळ नापास होतो. भेटीला भेट, कार्डाला कार्ड, केकला केक. पण शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या दाराशी ताट घेऊन जाणे हे सगळ्याच काळात सोपे नसते, आणि ज्या दिवसांत ते अवघड होते त्या दिवसांत त्या ताटाचे वजन वाढते. म्हणून फराळाचे प्रकरण मी गाळले नाही. ते पुस्तकात कुठे बसवायचे याचा निर्णय मात्र शेवटपर्यंत होत नव्हता.

नाताळ हा एका दिवसाचा सण नाही, हंगाम आहे, आणि त्याचे पंचांग गोड-गोड नाही. आधी चार रविवारांचा आगमनकाळ, संयमाचा. २५ला जन्म, २८ला हेरोदाने मारलेल्या बाळांचा स्मरणदिन. ६ जानेवारीला तीन राजांचा सण, जो गोव्यात चांदोर आणि रेइश मागूशला मुलांना राजे करून थाटाने साजरा होतो. आणि या सगळ्यात २६ डिसेंबरला संत स्तेफन. इंग्रजांनी त्या दिवसाला 'बॉक्सिंग डे' म्हटले, चर्चमधल्या गरिबांच्या पेट्या त्या दिवशी उघडत असे एक स्पष्टीकरण दिले जाते. आपल्याला तो क्रिकेट कसोटीमुळे माहीत. स्तेफन पहिला रक्तसाक्षी, दगडांनी मारला गेलेला, एवढे प्रवचनात येते. त्याची नेमणूक कोणत्या कामावर झाली होती ते येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ती नोंद आहे. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जाई. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी तक्रार आली. प्रेषितांनी ती झटकून टाकली नाही. सात माणसे निवडायला सांगितली, आणि निवडलेल्या सातांचीही नावे ग्रीक आहेत : ज्यांच्यातल्या विधवा वाटपातून गळत होत्या त्यांच्याच हाती वाटप आले. त्या सातांत पहिले नाव स्तेफनचे.

पुस्तकाचे शेवटचे प्रकरण या दिवसावर आहे. त्यात धर्मग्रामांतल्या व्हिन्सेंट द पॉल मंडळांची घरभेटीची पद्धत, मुक्तिफौजेचे काम आणि वाटपाच्या याद्या कशा होतात, त्यांतून कोण गळते, हा विषय तपशिलाने घेतला आहे. ज्यांच्याकडे यंदा अशी यादी करण्याचे काम आले आहे त्यांनी ते प्रकरण आधी वाचले आणि बाकीचे पुस्तक सवडीने घेतले, तरी चालेल.